गिंडीहून ओरगडमला, पांढऱ्या मातीच्या शोधात

माझ्या भाच्याची मुलगी नुकतीच ओरगडमच्या एका मोटारींच्या कारखान्यात रुजू झाली. पहिल्याच रविवारी तिचा फोन आला. "आजी, इथे बघण्यासारखं काहीच नाही गं. नुसते सहापदरी रस्ते आणि कुंपणं." मी तिला म्हटलं, थांब, तुला लिहूनच पाठवते. ते लिहिता लिहिता वाटलं, त्या बाजूला नोकरीसाठी राहणारी आणखीही मराठी पोरं असतील. त्यांनीही वाचावं, आणि एखादी सुट्टी मॉलमध्ये घालवण्याऐवजी मी गेले होते त्या वाटेने जाऊन यावं.

ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चेन्नईला मद्रास म्हणत. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन मद्रासला आलेली. माझा नवरा माधव रेल्वेत होता आणि आमचं बिऱ्हाड सैदापेटला. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर माझं त्या शहराशी अजिबात जमलं नाही. भाषा येईना, दमट हवा सोसेना, डोंगर दिसेना. रसायनशास्त्राची पदवी ट्रंकेच्या तळाशी पडून होती. माधव सकाळी जाई, संध्याकाळी येई आणि मधल्या वेळात मी सज्जात बसून साताऱ्याची आठवण काढी.

त्यातून मला बाहेर काढलं आमच्या घरमालकिणीने. कावेरीबाई त्यांचं नाव, पण सगळी वस्ती त्यांना अक्का म्हणे. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं, कारण पोथीत वाचावेत तसे शब्द आणि चाल मात्र तमिळ. "मी येतें", "मज कळतें" असं बोलत, 'सगळे' म्हणायचं तिथे 'अस्के' म्हणत आणि 'म्हणजे'चं 'मणजे' करत. अक्कांच्या यजमानांनी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानशी शेड घेऊन चिनीमातीचं काम सुरू केलं होतं. फ्यूजचे ठोकळे, विजेच्या खांबावरचे इन्सुलेटर असा माल. दोन वर्षांत ते अचानक गेले. अक्कांनी तेरावा झाल्यावर शेडच्या किल्ल्या कमरेला खोचल्या आणि कामाला गेल्या. विधवा बाईने नऊवारी नेसून भट्टीपाशी उभं राहायचं, हे तेव्हा कुणालाच पचलं नव्हतं. माझी पदवी कळल्यावर त्या सरळ माझ्या दारात आल्या. "शालिनी, तू घरांत बसून काय करतीस? माती तपासायला मज एक माणूस हवें."

अशी मी गिंडीला जाऊ लागले आणि त्याच हिवाळ्यात आमची माती बंद झाली.

माती केरळातून रेल्वेने येत असे. मोठ्या कारखान्यांनी ती सगळीच उचलायला सुरुवात केली आणि आमच्या व्यापाऱ्याने हात वर केले. भट्टी थंड पडली. शेडमध्ये काम करणाऱ्या बायका सकाळी येऊन ओट्यावर बसून राहत आणि दुपारी निमूट घरी जात. तंजावरहून अक्कांचे दीर रामचंद्रराव आले. माणूस वाईट नव्हता, काळजीनेच बोलत होता. पण तो जे बोलला ते ऐकून अक्कांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"वहिनी, पुरे आतां. पोंगल झाला मणजे मी पुन्हा येतों. शेड परत करूं. घरीं तुमची खोली आहे, दोन वेळचें जेवण आहे. आणखी काय हवें?"

पोंगल म्हणजे तिकडची संक्रांत, ती महिनाभरावर आली होती. अक्कांनी कमरेच्या किल्ल्या पुन्हा घट्ट खोचल्या.

चार-पाच दिवसांनी शेडसमोरचा रस्ता करायला तांबड्या मुरमाचे ढीग येऊन पडले. जाता जाता मला त्या ढिगात पांढरे खडे दिसले. एक उचलून नखाने खरवडला तर पिठासारखी भुकटी निघाली. लॉरीवाल्याला मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, हा मुरूम कुठला? त्याने पश्चिमेकडे हात केला. "ओरगडम. तांबरमच्या पुढे."

मी तो खडा अक्कांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा केला आणि एवढंच विचारलं, "बस किती वाजतां सुटते?"

पहिला दिवस: तांबरम, ओरगडम

मार्गळी महिना चालू होता, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. त्या भागात फिरायला यासारखा काळ नाही, हे आजही खरं आहे. पाऊस नुकताच संपलेला असतो, तळी काठोकाठ भरलेली असतात आणि ऊन अंगाला लागत नाही. पहाटे प्रत्येक दारासमोर मोठमोठे कोलम, म्हणजे आपल्या रांगोळ्या, काढलेले असतात.

गिंडीहून तांबरमपर्यंत आम्ही लोकल गाडीने गेलो. पल्लावरम आलं की डाव्या-उजव्या हाताला काळसर टेकड्या दिसतात. तेव्हा तिथे दगडाच्या खाणी जोरात चालत आणि सुरुंगाचा आवाज गाडीतही ऐकू येई. मद्रासला डोंगर नाही असं मी वर्षभर म्हणत होते. त्या दिवशी खिडकीतून बघताना प्रथमच नीट पाहिलं की आहे. बुटका आहे, पण अस्सल काळा कातळ आहे आणि साताऱ्याच्या काळ्या दगडाहून कितीतरी म्हातारा.

तांबरमला स्टेशनबाहेर गरम इडली आणि मिरपुडीचा खमंग पोंगल, म्हणजे तिकडची मुगाची खिचडी, खाऊन कांचीपुरमची बस धरली. तिकीट अगदीच किरकोळ होतं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं. मणिमंगलमच्या आसपास पहिला मोठा तलाव लागला. तिकडे त्याला एरी म्हणतात. एका बाजूला मैलभर मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी आणि त्याखाली नजर पोचेल तिथवर भात.

"राजे गेले, नबाब गेले, साहेब गेले," अक्का म्हणाल्या, "पण दर वर्षीं बांधावर माती टाकायला गांवचीच माणसें. एरी तशीच आहे."

ओरगडम म्हणजे तेव्हा एक तिठा, एक चहाचं दुकान आणि चिंचेची झाडं. कुंपण म्हणाल तर निवडुंगाचं. चहाच्या दुकानाशी मुनुसामी नावाचा गाडीवान बैलांना गवत घालत उभा होता. पन्नाशीचा, मिशाळ, सदा चेष्टेच्या सुरात बोलणारा. अक्कांनी त्याला तमिळमध्ये सांगितलं की आम्हाला पांढरी माती हवी आहे.

"माती?" त्याने आम्हा दोघींना खालून वर पाहिलं. "अम्मा, लोक इथून तांदूळ नेतात, ताडगोळे नेतात. माती न्यायला आलेल्या बायका मी प्रथमच पाहतो."

"मग आतां पोटभर पाहून घे आणि बैल जुंप," अक्का म्हणाल्या.

मुरमाची खाण तिठ्यापासून जवळच होती. लालभडक उभे कडे आणि त्यात अधूनमधून पांढरे खडे. मी धावतच कड्याशी गेले. मातीची परीक्षा करायला मी पिशवीत लिंबं आणली होती. तेजाबाची बाटली बसमध्ये फुटली तर पंचाईत, म्हणून. खड्यावर लिंबू पिळलं. फस्स करून फेस आला.

"काय झालें?" अक्कांनी विचारलं.

"चुनखडी आहे. आपल्या कामाची नाही. भट्टीत घातली तर माल फुटेल."

मुनुसामीने तो फेस पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सोडा घाला अम्मा, सरबत तरी होईल."

त्या वेळी मला त्याचा राग आला होता. आता लिहिताना हसू येतंय.

संध्याकाळी आम्ही श्रीपेरुंबुदूरला मुक्कामाला गेलो. तिथे मोठं विष्णुमंदिर आहे, आजही आवर्जून पाहावं असं. देवळाच्या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी छत्रम होतं, म्हणजे धर्मशाळा. स्वच्छ ओसरी, विहिरीचं गोड पाणी आणि केळीच्या पानावर रसम-भात. अक्का ओसरीच्या खांबाला टेकून सांगत होत्या, तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी किती छत्रं बांधली, त्यात कोणत्याही जातीच्या वाटसरूला जेवण कसं मिळे. आपली माणसं इतक्या दूर येऊन नुसती लढून गेली नाहीत, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा दिवस: दगडांची कडी

दुसऱ्या दिवशी मुनुसामीने आम्हाला तळ्याकाठच्या एका माळावर नेलं. जमिनीवर पांढरं पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. अक्का गाडीतून जवळजवळ उडी मारूनच उतरल्या. मी चिमूटभर उचलून जिभेला लावलं आणि थुंकले. खारट! परीट कपड्यांना लावतात ती खारी माती. मुनुसामी म्हणाला, "पांढरी मागितलीत, पांढरी दाखवली." यात चूक त्याची नव्हती, आमच्या विचारण्याची होती.

तिथून पुढे झुडपांच्या उतारावर मात्र जे दिसलं त्याने मी दुःख विसरले. जमिनीत अर्धवट गाडलेले मोठे धोंडे गोलाकार मांडलेले. एक कडं, त्याच्या पलीकडे दुसरं, तिसरं. सगळा उतारच त्यांनी भरलेला. एका कड्याची कड पावसाने ढासळली होती आणि तिथे मातीच्या भांड्याची जाड किनार उघडी पडली होती. आत काळं, बाहेर तांबडं.

"हे काय?" मी विचारलं.

मुनुसामीने हात जोडले. त्याचा चेष्टेचा सूर पहिल्यांदाच गेला. "फार पूर्वीची माणसं. आमच्याही आधीची. त्यांना रांजणात घालून पुरत. आम्ही इथे नांगर घालत नाही."

अक्का उकिडव्या बसल्या. खाली सुटून पडलेला एक लहान तुकडा त्यांनी तळहातावर घेतला आणि टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. मग त्यांनी तो जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला.

"भाजणी किती बेस आहे, पाहिलेंस? लोखंडी दार नाही, कोळसा नाही, थर्मामीटर नाही. तरी ही भाजणी." मग त्या म्हणाल्या, "शालिनी, ह्या लोकांनीं पण माती शोधलीच असेल की. कुणी आणून दिली नसेल."

तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर हे उतार अजून थोडे शिल्लक आहेत. शोधा. पण काही उचलू नका, काही हलवू नका. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथला खापराचा तुकडाही नेता येत नाही आणि नेऊही नये.

त्या संध्याकाळी छत्रमच्या ओसरीवर मी अक्कांना म्हटलं, "माझंच चुकलं असेल. एका खड्यावरून तुम्हाला इतकं फिरवलं."

"मज कुणी फिरवलें नाही. मी फिरतें आहें," त्या म्हणाल्या. "रामचंद्रराव मणतात खोली आहे. खोली मणजे चार भिंती. हा अस्का मुलूख पायाखालीं घालून मग त्या चार भिंतींत जाऊन बसूं? उद्यांचा दिवस आहे. तो बघूं."

तिसरा दिवस: मी दुसऱ्याच्या घराची भिंत चाटली

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्हाला काहीही मिळालं नाही. दोन विहिरी पाहिल्या, एक ओढा पाहिला. बैल थकले. संध्याकाळच्या बसने परतायचं ठरलेलं होतं, कारण शेड इतके दिवस बंद ठेवता येत नव्हती. एका मोठ्या एरीच्या बांधामागे वस्ती दिसली, तेव्हा पाणी प्यावं म्हणून मुनुसामीने गाडी थांबवली.

पोंगल जवळ आला होता. वस्तीतल्या बायका घरं रंगवत होत्या. एका घरासमोर तिशीतली एक बाई पदर खोचून कुंचल्याने भिंत पांढरी करत होती. अक्कांनी तिच्याकडे पाणी मागितलं आणि पिताना भिंतीला टेकल्या. त्यांच्या गडद निळ्या लुगड्यावर पांढरा पट्टा उमटला. मी झटकायला गेले आणि हात थबकला. चुना असा सुटत नाही. चुन्याने हात कोरडा पडतो, चुरचुरतो. हे बोटांवर मऊ, लोण्यासारखं पसरत होतं.

लिंबं संपली होती. मग मी मागचा पुढचा विचार न करता भिंतीला जीभ लावली.

जीभ चिकटली! खरोखर चिकटली. शुद्ध चिनीमातीची ती खूणच आहे, ओल शोषून घेते आणि जिभेला धरते. खारट नाही, तिखट नाही, चव अशी काहीच नाही. मी डोळे मिटून आणखी एकदा लावली.

"अय्यो!" बाईच्या हातातला कुंचला पडला. "ही पोरगी माझी भिंत चाटतेय! पैत्तियमा?" म्हणजे, वेड लागलंय का?

आसपासच्या बायका धावत आल्या. मुनुसामी बैलांच्या मागे तोंड लपवून हसत होता. अक्कांनी एका हाताने मला मागे ओढलं आणि मराठीत दटावून विचारलं, "काय करतीस तूं? माणसें पाहतात!"

"अक्का, हीच! हीच माती!"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे वळल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनीही जीभ लावली.

त्या बाईचं नाव अंजलै. आम्ही वेड्या नाही हे पटायला तिला बराच वेळ लागला, आणि पटलं तेही पूर्णपणे नाही. पण ती हसली आणि म्हणाली, चला दाखवते. घरांच्या मागे एरीचं जादा पाणी वाहून जायचा जुना चर होता. पाण्याने तो दोन पुरुष खोल कापलेला. वर लाल मुरूम, त्याखाली पिवळसर वाळू आणि सगळ्यांत खाली, उन्हात डोळे दिपतील असा पांढरा थर. थोडाथोडका नाही. चराच्या दोन्ही बाजूंनी तो वळणापर्यंत जात होता आणि वळणापलीकडेही दिसत होता.

अक्का काठावर उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मी खाली उतरले आणि एक ढेकूळ फोडलं. आत पानाचा ठसा निघाला. नेच्यासारखं पान, शीर न् शीर स्पष्ट, पण पान कुठेच नाही, फक्त त्याचा आकार. पुढे एका भूगर्भशास्त्रज्ञांनी मला सांगितलं की श्रीपेरुंबुदूरच्या आसपासच्या थरात असे ठसे सापडतात आणि ते माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचे आहेत. मी तेव्हा एवढंच जाणलं की इथे कधीतरी संथ पाण्याखाली ही माती बसत गेली, आणि तिच्यावर पानं गळत राहिली.

आता अडचण होती ती निराळीच. वस्तीतले एक वयस्कर गृहस्थ आले आणि म्हणाले, "न्या की. माती तर आहे. पडीक जागा, कुणाच्या नावावर नाही." पण अंजलै कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुम्ही नेणार ते दोन पोती का गाड्याच्या गाड्या?"

"आज दोन पोती," अक्का म्हणाल्या. "चांगली निघाली तर गाड्या."

"मग आम्ही दर पोंगलला भिंती कशाने रंगवायच्या? चुना विकत आणायला तुम्ही पैसे देणार?"

वयस्कर गृहस्थ तिच्यावर खेकसले. अक्कांनी त्यांना हाताने थांबवलं. त्या चरात उतरल्या. चपला नव्हत्याच. पांढऱ्या थरावरून चालत वळणापर्यंत गेल्या आणि तिथल्या एका वडाच्या मुळीपाशी उभ्या राहिल्या.

"हें झाड दिसतें ना? ह्याच्या अलीकडची माती तुमची. आमचा एकही माणूस तिला हात लावणार नाही. पलीकडची, सरकारची रीतसर परवानगी मिळाली तर, आम्हीं खणूं. खणायला माणसें तुमचीं, गाड्या तुमच्या. परवानगी मिळाली नाही तर दोन पोत्यांवर विषय संपला."

हे सगळं त्या तमिळमध्ये बोलल्या, पण त्यांच्या तमिळलाही तोच जुना डौल होता. बायकांनी आपापसांत कुजबुज केली. अंजलैने विचारलं, "खणायच्या कामावर बायका घ्याल?"

"माझ्या शेडमध्यें अस्क्या बायकाच आहेत."

तेव्हा अंजलै स्वतः फावडं घेऊन आली.

परतीच्या बसची गंमत सांगायलाच हवी. पोती टपावर चढवताना कंडक्टरने विचारलं, "आत काय?" अक्का म्हणाल्या, "मण्णु," म्हणजे माती. तो म्हणाला, "मद्रासला माती नाही का?" तेवढ्यात मुनुसामी, तीन दिवस आमची थट्टा करणारा मुनुसामी, पुढे झाला आणि छाती काढून म्हणाला, "ही साधी माती नाही. हिचे विजेचे खांब होतात." तपशील चुकला होता, पण कंडक्टरने मुकाट्याने पोती चढवू दिली.

गिंडी

प्रवास तिथे संपला, पण त्याचा निकाल भट्टीत होता. माती पाण्यात कालवून, वाळू खाली बसू देऊन, दुधासारखं पाणी फडक्यातून गाळायचं. मग तिच्यात गारगोटी आणि फेल्स्पार नावाच्या दगडाची भुकटी मिसळायची. वाळवणं, साच्यातून काढणं, पुन्हा वाळवणं. बायका एका शब्दाने न सांगता लवकर येत आणि उशिरा जात. पोंगल येऊन गेला. भट्टी पेटली, धगधगली आणि नंतर ती निवायची वाट पाहत आम्ही बसलो. मला मात्र एकच धास्ती होती. मातीत लोह जास्त असेल तर माल तपकिरी आणि डागाळलेला निघणार होता. आणि भाजून घट्ट झाला नाही, पाणी पिऊ लागला, तर विजेच्या कामाला कवडीचा उपयोग नाही.

भट्टी उघडायच्या सकाळीच रामचंद्रराव तंजावरहून हजर झाले. सोबत रिकामी ट्रंक होती, वहिनींचं सामान भरायला.

"आलांत? बेस झालें," अक्का म्हणाल्या. "बसा. भट्टी उघडायची आहे."

तोंडाला लावलेल्या विटा एकेक करून काढल्या. आतून अजून ऊब येत होती. अक्कांनी हाताला फडकं गुंडाळलं, आत वाकल्या आणि पहिला ठोकळा बाहेर काढला.

पांढरा. केरळच्या मातीइतका निळसर शुभ्र नाही, सायीच्या रंगाकडे झुकणारा, पण एकसारखा, डागाचं नाव नाही. कुणीतरी बाई हुंदका देऊन हसली. मी ओरडले, "थांबा, अजून नाही!" आणि एक ठोकळा हातोडीने फोडला. फुटक्या कडेवर लाल शाई ओतली. माल कच्चा असेल तर शाई आत मुरते आणि कितीही पुसली तरी लाल डाग राहतो. सगळे वाकून बघत होते. रामचंद्ररावही. थोडा वेळ जाऊ दिला, ओल्या फडक्याने कड पुसली.

कड पांढरी स्वच्छ होती. एक थेंब मुरला नव्हता.

शेडमध्ये जो गलका झाला तो बाहेरच्या रस्त्यावरची माणसं आत डोकावण्याइतका मोठा होता. बायकांनी एकमेकींच्या पाठीवर धपाटे घातले. मला कुणीतरी उचललं, कोण ते अजून ठाऊक नाही. अक्का मात्र ठोकळा तळहातावर घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

रामचंद्ररावांनी तो ठोकळा हातात घेतला, उजेडात धरला, टिचकी मारली.  मग खाकरून म्हणाले, "तंजावरांत नवीन वीज येते आहे. गांवोगांवीं खांब टाकतात. हा माल तिकडे कोण विकतो?"

"अजून कुणी नाही," अक्का म्हणाल्या.

"मग मी विकतों."

संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. ट्रंक जड झाली होती, उचलायला दोन हमाल लागले. आत गवतात गुंडाळलेले फ्यूजचे ठोकळे होते.

परवानगीला पुढे बरेच महिने गेले, पण ती मिळाली. अंजलै आणि तिच्या शेजारणी खणायला आल्या. वडाच्या अलीकडची माती कुणी कधी घेतली नाही. अक्कांनी ती शेड अखेरपर्यंत चालवली. आज त्या ठिकाणी दुसरंच काहीतरी आहे, आणि ओरगडमच्या त्या तिठ्यावरचा चहा आता काचेच्या इमारतीत मिळतो. पण एरी आहेत, बांध आहेत, मार्गळीतली ती हवा आहे. तांबरमहून कांचीपुरमच्या रस्त्याने जा, खिडकीशी बसा आणि जमीन कुठे लाल, कुठे पिवळी, कुठे पांढरी होते ते बघत राहा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

भट्टी उघडली त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा केसांत भट्टीची राख होती आणि आवाज बसला होता. माधवने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता कॉफी ठेवली. कॉफी पिताना तो म्हणाला, "उन्हाळ्यात साताऱ्याला जायचं ना? रजा आत्ताच टाकायला हवी. वर्षभर म्हणतेयस."

मी सज्जातून बाहेर पाहिलं. अड्यार नदीवरून वारा येत होता. खाली इडलीवाली शेगडी पेटवत होती आणि कुणाशी तरी मोठमोठ्याने भांडत होती. ती काय म्हणतेय ते मला सगळं समजत होतं.

"ह्या वेळी आई-बाबांनाच इकडे बोलावू," मी म्हटलं. "त्यांना आपला मुलूख दाखवायचाय."